पडद्यावरचा शेतकरी बोलता झाला त्याची गोष्ट

फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या शेतीविषयक अनुबोधपटांत शेतकरी सहसा बोलत नाही. तो नांगर धरतो, मोट हाकतो, बियाणं ओंजळीत घेऊन कॅमेऱ्याकडे बघतो, सरकारी फार्मवरच्या साहेबासमोर मान हलवतो. कधी त्याचे ओठही हलताना दिसतात. ऐकू येतो मात्र मुंबईच्या स्टुडिओत बसलेल्या निवेदकाचा आवाज, स्वच्छ, खणखणीत, प्रमाण मराठीतला. हे माहितीपट मी गेली बरीच वर्षं मिळतील तिथून मिळवून बघत आलो आहे. खानदेशातल्या माणसाने या सिनेमाचा इतिहास सांगायचा तर तो या मुक्या ओठांपासूनच सुरू करायला हवा, असं माझं ठाम मत झालं आहे. पडद्यावर कोणाचं वावर दिसलं हे महत्त्वाचं आहेच, पण बोलायची पाळी कोणाला मिळाली हे मला त्याहून मोठं वाटतं.

या मुकेपणाचं कारण बरंचसं पैशाचं आणि यंत्राचं होतं. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झाली. तिचा एकेक अनुबोधपट इंग्रजीत आणि देशातल्या सगळ्या प्रमुख भाषांत निघायचा. चित्राची निगेटिव्ह एकच, संगीत आणि बैलांच्या घुंगरांसारखे पार्श्वध्वनी यांची पट्टीही एकच. भाषेगणिक बदलायचं ते फक्त निवेदन. अशा व्यवस्थेत एखादा शेतकरी कॅमेऱ्यासमोर चार वाक्यं बोलला तर ती इतक्या भाषांत कोण आणि कशी बोलणार? त्यातून चित्रीकरणाच्या जागीच आवाज टिपायचा तर जड यंत्रं न्यायला हवीत, वीज हवी. आणि खेड्यात वीज नव्हती. पस्तीस मिलिमीटरचं हजार फुटी रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं. एक-दोन रिळांत धरण, खत, बी आणि सहकार असं सगळं बसवायचं म्हटलं की निवेदकाला श्वास घ्यायला फुरसत नाही, मग शेतकऱ्याला कुठून मिळणार?

हे अनुबोधपट थिएटरवाल्यांना दाखवावेच लागत. परवान्याची तशी अटच होती. भुसावळला अमरदीप टॉकीजमध्ये मुख्य चित्रपटाआधी ‘फिल्म्स डिव्हिजन की भेंट’ ही अक्षरं पडद्यावर यायची, तेव्हा आमच्या आजूबाजूची माणसं बिडी ओढायला बाहेर जायची किंवा जागा शोधत आत यायची. मी बसून राहायचो, कारण माझे मामा हीच रिळं गावोगाव दाखवत फिरायचे.

मामा क्षेत्रीय प्रचाराच्या गाडीवर ऑपरेटर होते. पंचवार्षिक योजनांची माहिती खेड्यापर्यंत पोचवायला केंद्र सरकारने १९५३ मध्ये ही यंत्रणा उभी केली. एक गाडी, सोळा मिलिमीटरचं प्रोजेक्टर, पेट्रोलवर चालणारा जनरेटर, गुंडाळलेला पडदा आणि रिळांचे पत्र्याचे डबे. मी शाळेत असताना सुट्टीत काही वेळा त्यांच्याबरोबर गेलो. गाडी दुपारी गावात शिरायची. भोंग्यावर पुकारा व्हायचा. मारुतीच्या पारासमोर दोन बल्ल्या रोवून पडदा ताणायचा. जनरेटर घराआड लांब ठेवायचा, नाहीतर त्याच्या फटफटाटात निवेदन ऐकू येत नाही. अंधार पडला की पुरुष पडद्याच्या समोर, आणि बायका पुष्कळदा मागच्या अंगाला बसायच्या. मागून अक्षरं उलटी दिसतात, पण वाचता येणारं कोणी तिथे फारसं नसायचंच.

माझ्या दृष्टीने खरा कार्यक्रम रीळ बदलताना व्हायचा. प्रोजेक्टर एकच असल्यामुळे एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत मध्ये काही मिनिटं जायची. त्या वेळात मामा निवेदकाने काय सांगितलं ते आमच्या लेवा बोलीत पुन्हा सांगायचे. ते त्यांचं काम नव्हतं, पण त्याशिवाय लोकांना कळायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. मग अंधारातून प्रश्न यायचे, आणि निवेदक इतक्या आत्मविश्वासाने जे सांगून गेलेला असायचा त्याच्या चिंध्या व्हायच्या.

साठच्या दशकातला मोठा विषय हायब्रीड. संकरित ज्वारीचं सीएसएच-१ हे वाण १९६४ मध्ये आलं. दुष्काळाची आणि आयात गव्हाची ती वर्षं होती. मुख्यमंत्री वसंतराव नाईक अन्नधान्याच्या स्वयंपूर्णतेसाठी जिवाचं रान करत होते, आणि त्या घाईमागची कळकळ खरी होती. पडद्यावर कमरेएवढं ताट, त्यावर भरलेलं कणीस, आणि एकरी उत्पन्नाचे आकडे. लोक ते कणीस बघून हरखायचे हे मी पाहिलं आहे. पण पहिला प्रश्न ठरलेला असायचा: कडबा किती पडेल? गावरान ज्वारी डोक्यापेक्षा उंच वाढायची, तिच्या कडब्यावर बैल आणि म्हशी वर्ष काढायच्या. बुटक्या ज्वारीने माणसाचं पोट भरेल, पण गोठ्यातल्या जनावराचं काय? दुसरा प्रश्न पावसाचा. हे वाण लवकर पक्व होतं, म्हणजे कणीस नेमकं परतीच्या पावसात सापडणार आणि दाणा काळा पडणार. तिसरा प्रश्न पडद्यामागून, बायकांकडून यायचा: भाकरी कशी होते? सकाळी थापलेली संध्याकाळी मऊ राहते का?

मामा हे प्रश्न एका वहीत उतरवून घ्यायचे. ती वही आज माझ्याकडे आहे. शाईचे डाग पडलेत, काही पानं वाळवीने खाल्ली आहेत, पण वाचता येते. आज शाश्वत शेतीवर बोलणारे लोक चारा, हवामान, चव, बियाण्यावरचा हक्क असे जे मुद्दे मांडतात, त्यातला एकही त्या वहीत नाही असं नाही. एका गावात कोणीतरी विचारलं होतं की हे बी पुढच्या साली घरचं ठेवलं तर चालेल का. संकरित बी दरसाल विकत घ्यावं लागतं, हे निवेदनात आलं नव्हतं. दाणा घरी, चारा घरी, बी घरी अशी शेतीची जी घडी होती ती त्या एका प्रश्नात पूर्ण आली होती. विचारणारा पडद्यासमोर बसला होता, पडद्यावर नव्हता.

ही बोलकी माणसं त्याआधीही होती, हे आमच्या भागाला वेगळं सांगायला नको. भुसावळपासून जवळ, यावल तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, नगराची सजावट नंदलाल बोस यांची, बांबू आणि गावातल्याच साहित्याने केलेली. गांधीजींच्या आग्रहाने खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन तिथे होतं. दोन वर्षांपूर्वीच स्थापन झालेला ग्रामोद्योग संघ तेव्हा हातसडीचा तांदूळ, घाण्याचं तेल, गूळ, हातदळणाचं पीठ यांचा आग्रह धरत होता. अन्न कुठे तयार होतं, कोणाच्या हाताने होतं आणि त्याचा पैसा कोणाच्या घरात जातो, हे प्रश्न आज नवे म्हणून मांडले जातात. ते आमच्याकडे तेव्हाच मांडून झाले होते. त्याच वेळी किसान सभेचंही अधिवेशन फैजपूरला झालं आणि त्यासाठी मनमाडहून शेकडो शेतकरी पायी चालत आले. दोनशे मैलांची वाट, वाटेत गावोगाव सभा. पोचल्यावर त्यांच्या स्वागताला नेहरू आणि शंकरराव देव होते.

योगायोगाने १९३६ हेच वर्ष अमेरिकेत शेतीवरच्या माहितीपटाच्या इतिहासातलं मोठं वर्ष मानतात. पेअर लॉरेंट्झ यांनी तिथल्या सरकारसाठी ‘द प्लाउ दॅट ब्रोक द प्लेन्स’ केला. गव्हाच्या हव्यासापायी गवताळ मैदानं नांगरली गेली, मग अवर्षण आलं आणि माती धुळीच्या वादळांत उडून गेली, ही त्याची कहाणी. चित्रं जबरदस्त आहेत, संगीत व्हर्जिल थॉमसन यांचं. आणि तिथेही शेतकरी मुकाच आहे. बोलतो तो निवेदक. यंत्राची अडचण सगळीकडे सारखीच होती, आणि सरकारची सवयही.

खानदेशच्या शेतकऱ्याला पडद्यावर पहिल्यांदा मोठं काम मिळालं ते एका कथापटात. ख्वाजा अहमद अब्बास यांनी इप्टा या नाट्यसंघटनेसाठी ‘धरती के लाल’ केला, तो १९४६ मध्ये आला. विषय १९४३ चा बंगालचा दुष्काळ, ज्यात लाखो माणसं धान्य असूनही मेली, कारण ते त्यांच्या हाती पोचलं नाही. बंगालची ही गावं उभी राहिली धुळ्याकडे. तिथल्या किसान सभेने मदत केली आणि उपाशी माणसांच्या तांड्यात आपले शेतकरी चालले. बलराज साहनी, तृप्ती मित्र, शंभू मित्र ही नावं चित्रपटाच्या इतिहासात आहेत. त्यांच्यामागून चालणाऱ्या खानदेशी माणसांची नावं कुठेच नाहीत. तरी हा चित्रपट मला फिल्म्स डिव्हिजनच्या पुष्कळ अनुबोधपटांपेक्षा खरा वाटतो. पीक उभं असताना माणूस उपाशी कसा राहतो, सावकार, व्यापारी आणि शहर यांच्या साखळीत धान्य कुठे अडतं, हे तो सरळ दाखवतो. त्यासाठी चालणाऱ्या माणसांना दुष्काळ म्हणजे काय हे शिकवावं लागलं नसणार.

पुढचं पाऊल दूरदर्शनने टाकलं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्याच वर्षी राज्यात भीषण दुष्काळ होता. ‘आमची माती, आमची माणसं’ हा कार्यक्रम पुढे घराघरांत पोचला. खानदेशात चित्र दिसायला लागेपर्यंत बराच काळ गेला. उंच अँटेना वळवत बसण्याचे ते दिवस पुष्कळांना आठवत असतील. या कार्यक्रमात शेतकरी बोलायला लागला. तज्ज्ञाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, एवढंच बोलणं, पण आवाज त्याचा होता. कुठल्या तालुक्यातला आहे ते उच्चारावरून ओळखू यायचं आणि आमच्याकडच्या कोणी बोललं की घरात सगळे टीव्हीजवळ सरकायचे.

आता केळीकडे येतो, कारण भुसावळच्या माणसाला अन्नव्यवस्था कळते ती केळीतून. १८७० मध्ये मुंबई-कोलकाता रेल्वे भुसावळवरून जोडली गेली आणि हे गाव जंक्शन झालं. तापीकाठचा गाळाचा प्रदेश, विहिरी, आणि दाराशी रेल्वे. या तीन गोष्टींवर रावेर, यावल, भुसावळची केळी उभी राहिली. मी रेल्वेच्या पार्सल खात्यात नोकरी केली. सावदा, रावेर, निंभोरा या स्टेशनांवर केळीची भरती मी जवळून पाहिली आहे. पहाटे कापणी, दांड्यापासून तोडलेले हिरवे घड डोक्यावरून बांधापर्यंत, तिथून बैलगाडीत आणि नंतरच्या काळात ट्रॅक्टरमध्ये, खाली केळीचीच पानं अंथरून. वॅगनमध्ये घड उभे-आडवे रचायची कला असते. नवखा माणूस भरायला लागला तर दिल्लीला अर्धी काळी पडलेली उतरतात. गाडी निघायला उशीर झाला तर भुसावळच्या उन्हात, जिथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हिरवा घड वॅगनमध्येच पिवळा व्हायला लागतो. माल जायचा दिल्लीच्या आझादपूर मंडीत. तिथे वखारीत पिकायचा आणि मग हातगाडीवर यायचा. आणि शेतकऱ्याला भाव समजायचा तो बोर्डाचा, म्हणजे बाजारात फळ्यावर लिहून जाहीर होणारा. बोर्डावर एक आकडा, व्यापारी देणार दुसरा, हे भांडण माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालू आहे.

या साखळीचं दुसरं टोक एका चित्रपटात फार प्रभावीपणे आलं आहे. मणी कौल यांनी १९८० मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘अरायव्हल’ केला. मुंबईत रोज काय काय येतं, एवढाच त्याचा विषय. फळं, भाजीपाला, शेळ्या-मेंढ्या, आणि कामाच्या शोधात आलेली माणसं. ढीग उतरतात, वजन होतं, कापलं जातं, विकलं जातं. माणसंही त्याच ओघात. उपदेश करणारं निवेदन त्यात नाही. ज्या संस्थेने निवेदकाच्या आवाजाने पडदा भरून टाकला तिनेच हा चित्रपट काढला, हे नोंदवायला हवं. सरकारी कचेरीतही डोळे उघडे असलेली माणसं असतात. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा फळांच्या राशींवरून डोळा हलेना. माल कुठून कुठे गेला हे आम्ही कागदावर लिहीत आलो होतो, पण शहर त्याला कसं गिळतं हे मला त्या वीसेक मिनिटांत समजलं.

मग हातात मावणारा व्हिडिओ कॅमेरा आला आणि सगळं बदललं. आवाज चित्राबरोबर फुकटात टिपला जायला लागला. रिळाची अकरा मिनिटं संपली, माणसाला बोलू देता यायला लागलं. या बदलाचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्याच सातपुड्यातलं आहे. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ १९९५ मध्ये आला. मणिबेली, डोमखेडी ही गावं तेव्हा धुळे जिल्ह्यात होती. नंदुरबार वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातलं पहिलं बुडणारं गाव मणिबेली. चित्रपट करणारी माणसं पुन्हा पुन्हा तिथे गेली. डोंगरउतारावर ज्वारी, मका, तूर घेणारे, मोहावर आणि नदीच्या मासळीवर जगणारे भिल्ल शेतकरी त्यात आपल्या भाषेत बोलतात आणि खाली अक्षरांत भाषांतर येतं. ही उलथापालथ किती मोठी आहे बघा: पूर्वी भाषांच्या अडचणीपायी शेतकऱ्याचा आवाज काढून टाकत होते, इथे त्याचा आवाज जसाच्या तसा ठेवून बाकीच्यांनी वाचायचं होतं. ‘विकास’ या नावाखाली कोणाचं शेत कोणाच्या शेतासाठी बुडतं, हा प्रश्न मामांच्या काळातल्या धरणांच्या अनुबोधपटांत कधी आला नव्हता. सपाट खानदेशातल्या आम्हा बागायतदारांनी तो चित्रपट अजूनही नीट पाहिलेला नाही, याचं मला वाईट वाटतं. पाणी आम्हालाही लागतं, आणि पाणी कुठूनतरी येतं.

कापसाच्या बाबतीत मात्र कॅमेरा विदर्भात गेला. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि त्यानंतरच्या दशकात शेतकरी आत्महत्यांवर महत्त्वाचे माहितीपट निघाले. दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) पत्रकार पी. साईनाथ यांच्या मागोमाग यवतमाळच्या घरांत शिरतो. नंदन सक्सेना आणि कविता बहल यांच्या ‘कॉटन फॉर माय श्राउड’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मिखा पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ही विदर्भातलाच. हे चित्रपट बघताना माझा घसा दाटून येतो, आणि तरीही एक गोष्ट बोलावीशी वाटते. त्यांत शेतकरी बोलतो, पण बहुतेक वेळा तो मेल्यानंतर त्याच्या बायकोच्या तोंडून बोलतो. जिवंत असताना तो काय प्रयोग करत होता, कोणतं बी जपत होता, २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने चोपडा-धरणगावपासून यवतमाळपर्यंत बोंडं पोखरली तेव्हा शेजारच्या वावरातल्या तुरीने त्याला कसं वाचवलं, हे पडद्यावर क्वचित येतं. दुःख दाखवणं सोपं नाही, पण शेतकऱ्याची बुद्धी दाखवणं त्याहून अवघड दिसतं.

ती बुद्धी दाखवायचा एक मार्ग तेलंगणात सापडला. झहीराबादजवळच्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी महिलांनी २००१ मध्ये स्वतःच कॅमेरे हाती घेतले. यांतल्या कित्येक जणी निरक्षर. त्यांनी ज्वारी-बाजरी-राळ्याच्या मिश्र पिकांवर फिल्म केल्या, आणि वरंगळच्या बीटी कापूस शेतकऱ्यांकडे हंगामामागून हंगाम जात राहून चित्रण केलं. शेतकऱ्याला प्रश्न विचारणारीही शेतकरीच. कीड कधी येते हे तिला माहीत आहे, म्हणून ती नेमक्या दिवशी कॅमेरा घेऊन पोचते. हा फरक कुठल्याही चित्रपटशाळेत शिकवून येत नाही. महाराष्ट्रात अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांच्यावर अच्युतानंद द्विवेदी यांनी केलेल्या ‘सीड मदर’ या तीन मिनिटांच्या फिल्मला २०१९ मध्ये कानला बक्षीस मिळालं, आणि गावरान बियाण्याच्या मडक्यांपुढे उभ्या राहिलेल्या त्या बाईंचं बोलणं जगभर गेलं. तीन मिनिटांत फार काही सांगता येत नाही, पण बोलणारी तीच आहे.

आमच्याकडे अमळनेर, पारोळ्याच्या गावांनी पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने फिल्म वेगळ्या तऱ्हेने पाहिली. माथा ते पायथा पाणी कसं अडवायचं हे प्रशिक्षणात पडद्यावर बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी टिकाव-फावडं घेऊन शिवारात उतरायचं. मामांच्या गाडीचाच हा नातू म्हणायला हवा. फरक इतका, की या फिल्ममध्ये शिकवणारी माणसं दुसऱ्या गावातली शेतकरी होती.

आज प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. केळीच्या बागेत उभं राहून खताचा डोस सांगणारे व्हिडिओ रावेर-यावलच्या पोरांनी केलेले रोज दिसतात, आणि त्यांतले पुष्कळ उपयोगी आहेत. पण त्यात औषधाच्या बाटलीवरचं नाव कॅमेऱ्याजवळ आणलं जातं तेव्हा मला तो जुना निवेदक आठवतो. बोलणारा आपल्या बोलीत बोलतो, टोपीही आपलीच असते, पण वाक्य दुसऱ्या कोणीतरी लिहून दिलेलं असतं. हे ओळखायला बघणाऱ्याने शिकायला हवं. मामांच्या प्रेक्षकांना ते यायचं; ते निवेदकाला घाबरत नव्हते.

फिल्म्स डिव्हिजन आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आहे. तिचे आठ हजारांहून अधिक चित्रपट आहेत आणि त्यांचं डिजिटायझेशन झालं, होत आहे. त्यातल्या शेतीच्या रिळांच्या मराठी आवृत्त्या खानदेशात आणून दाखवाव्यात, असं मी भेटेल त्याला सांगत असतो. आमच्या गावांत अजून अशी माणसं आहेत, जी साठ वर्षांपूर्वीचं बैलाचं शिंग बघून तो कोणत्या जातीचा ते सांगतील, वावर बघून पीक कोणतं आणि नक्षत्र कोणतं ते सांगतील. चित्र चालू ठेवून निवेदनाचा आवाज बंद करावा आणि त्यांना बोलू द्यावं. त्यांचं बोलणं टिपून ठेवलं तर त्याच रिळांतून एक वेगळा माहितीपट तयार होईल. ही माणसं ऐंशीच्या पुढे आहेत, म्हणून हे काम आत्ताच व्हायला हवं. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी पेरणीपासून मळणीपर्यंतची सगळी शेती आपल्या बोलीत गायली. ती उरली, कारण ती घरच्या माणसांनी वेळेवर लिहून घेतली. त्या १९५१ मध्ये गेल्या. फिल्म्स डिव्हिजन तेव्हा तीन वर्षांची होती.

आणि केळीचा माहितीपट अजून व्हायचा आहे. जाहिराती आहेत, बातम्या आहेत, टिश्यू कल्चर रोपांची आणि ठिबकची यशोगाथा सांगणाऱ्या फिल्म आहेत, आणि ते यश खोटं नाही. ठिबक आलं म्हणून पुष्कळ घरं टिकली. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मला हवा आहे तो चित्रपट यापेक्षा लांबचं पाहणारा असेल. यावल-रावेरच्या बोअर शेकडो फूट का गेल्या, भूजलाचा उपसा किती झाला, एका घडामागे किती पाणी गेलं, हे तो विचारेल. मे महिन्यातल्या वादळाने उभी बाग आडवी झाल्यावर पंचनाम्याच्या वेळी काय बोलणं होतं ते ऐकवेल. घड वाहणाऱ्या पावरा आदिवासी मजुराच्या घरी तो जाईल; सातपुड्यातून तो खाली का उतरला हे ‘नर्मदा डायरी’ बघितलेल्याला वेगळं सांगावं लागणार नाही. बोर्ड भाव ठरताना तो तिथे हजर असेल. वॅगनबरोबर आझादपूरला जाईल आणि दिल्लीत डझनाला काय पडतात ते विचारून परत येऊन बागेच्या मालकाला सांगेल. बामणोदच्या वांग्याचं कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत आणि कळण्याची भाकरीही त्यात यायला हवी, कारण केळी पिकवणारा माणूस स्वतः काय खातो हेही अन्नव्यवस्थेतच मोडतं.

असा चित्रपट घाईत होणार नाही. मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग ऑक्टोबरात, आणि दोन्हींची कापणी बघून पिलांवर धरलेली पिलबाग उभी राहीपर्यंत दीड-दोन वर्षं जातात. कोणा तरुण मुलाला किंवा मुलीला हे करायचं असेल तर मामांची वही, स्टेशनांवरच्या जुन्या माणसांच्या ओळखी आणि राहण्या-जेवणाची सोय माझ्याकडे आहे. मृग लागायच्या आधी यावं, म्हणजे कंद निवडण्यापासून चित्रण करता येईल.